पट्टी उतरली म्हणून काय झालं?

मुलाला मिसरूड फुटायला लागलं की त्याचा आवाजही फुटतो. काही महिने घोगरा, मधूनच चिरका, आणि मग एके दिवशी जाड होऊन ठरतो. त्याबद्दल कुणी हळहळत नाही. पोरगा मोठा झाला, एवढंच म्हणतात. तोच पोरगा पुढे गायक झाला, विशी-पंचविशीत त्याच्या गाण्यांनी जग वेडं केलं आणि साठीच्या आसपास त्याचा आवाज आणखी एकदा बदलला, की मात्र आपली भाषा बदलते. आपण म्हणतो, "याचा आवाज गेला."

रॉक गायकांच्या वाट्याला हे वाक्य फार येतं. पन्नास वर्षांपूर्वीची एक चित्रफीत आणि परवाची एक, दोन्ही शेजारी शेजारी लावायच्या, वरचा सूर कुठे निसटला ते बोट ठेवून दाखवायचं आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं. हा निकाल मला चुकीचा वाटतो. त्यापायी संगीताचं खरोखरचं नुकसान होतं, असंही वाटतं. आवाज बदलला की गाण्यानेही बदलावं. पट्टी उतरवावी, चाल वळवावी, वेळ आली तर गाणं सोडूनही द्यावं, आणि हे सगळं उघडपणे करावं. ज्या गायकांनी हे केलं, त्यांच्या हातून उत्तरार्धात असं काही झालं जे त्यांच्या तरुण गळ्यातून निघालंच नसतं. आड येते ती बहुतेक वेळा आपली, ऐकणाऱ्यांची, हुबेहूब रेकॉर्डसारखं ऐकण्याची हाव.

आधी गळ्यात होतं काय, ते पाहू. स्वरतंतू म्हणतात खरं, पण त्या काही तारा नव्हेत. स्वरयंत्रात समोरासमोर असलेल्या दोन मऊ घड्या आहेत. पुरुषांत त्यांची लांबी साधारण पावणेदोन ते अडीच सेंटिमीटर, बायकांत त्याहून कमी. वाद्यं ज्या 'ए' सुराला जुळवतात तो गाताना या घड्या सेकंदाला ४४० वेळा एकमेकींना भिडतात, त्याच्या वरच्या सप्तकात ८८० वेळा. दोन तासांच्या कार्यक्रमात हे लाखो वेळा होतं. ड्रम आणि अँप्लिफायरच्या वर आवाज नेण्याच्या धडपडीत कोरड्या गळ्याने गायलं की तिथे सूज येते. ती उतरायच्या आत दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात उभं राहायचं असेल, तर हळूहळू गाठी धरतात. सिगारेटमुळे वरच्या थराखाली पाणी साचतं, घड्या जड होतात आणि आवाज खाली येतो. वयाबरोबर आतला स्नायू रोडावतो, घड्या नीट मिटत नाहीत आणि हवा निसटते. स्वरयंत्राची कूर्चा कडक होत जाते. छातीत पूर्वीइतका श्वास मावत नाही, दमसास तोकडा पडतो. बायकांचा आवाज पाळी थांबल्यावर थोडा खाली उतरतो. पुरुषांचा बोलण्याचा आवाज उतारवयात उलट किंचित चढतो, पण गाण्यातले वरचे सूर मात्र सुटत जातात.

गुडघ्यांचं जे होतं तेच गळ्याचं होतं. फरक इतकाच की गुडघ्यांचं दुखणं कुणी ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं नसतं. रॉक गायकाची खरी अडचण ती आहे. त्याचा विशीतला आवाज जगाच्या घरोघरी जपलेला असतो आणि सत्तरीत त्याला रोज त्याच आवाजाशी सामना करावा लागतो. लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडची पहिली रेकॉर्ड जानेवारी १९६९ मध्ये आली, तेव्हा त्याचा गायक रॉबर्ट प्लँट वीस वर्षांचा होता. विसाव्या वर्षीच्या गळ्याला जे सहज जमतं, ते आयुष्यभराचं माप होऊन बसलं.

शिवाय रॉकमध्ये पट्टी गळ्याच्या सोयीने ठरते असंही नाही. पुष्कळदा ती गिटार ठरवते. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा उघडा सूर 'ई', तिच्या शेजारच्या तारेचा 'ए'. तार मोकळी सोडून वाजवली की जो दणदणीत, घुमणारा आवाज येतो त्यावर कितीतरी रॉक गाणी उभी आहेत. गायक म्हणाला, "दोन सूर खाली घेऊ या," की की-बोर्डवाला एक कळ दाबून मोकळा होतो, पण गिटारवाल्याचं काम वाढतं. कापो, म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा, लावून पट्टी वर नेता येते, खाली आणता येत नाही. सगळ्या तारा सैल कराव्या लागतात. सैल तारा फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खडखडतात, म्हणून जाड तारा घालाव्या लागतात आणि जाड तारांवर बोटांना ती जुनी ओढ सापडत नाही. वरच्या पट्टीत चमकणारा तुकडा खाली आल्यावर गढूळ वाटू शकतो. हे सगळं मला मान्य आहे. पट्टी उतरवण्याची किंमत असते आणि ती सगळ्या बँडला मोजावी लागते.

तरीही ती मोजावी, असं मी म्हणतो. ते वरचे सूर ऐकताना आपल्या अंगावर काटा का येतो? त्या सुराची कंपनसंख्या अमुक आहे म्हणून नक्कीच नाही. बासरी त्याहून कितीतरी वरचा सूर सहज काढते आणि आपण शांत बसून ऐकतो. काटा येतो कारण तो माणूस आपल्या आवाजाच्या अगदी कडेवर उभा आहे हे ऐकू येतं. आणखी एक पाऊल टाकलं तर आवाज फाटेल, असं वाटत असतं. ती कड प्रत्येक गळ्यात असते, पण वयाबरोबर ती खाली सरकते. गाणं त्याच जुन्या पट्टीत ठेवलं तर गायकाला त्या कडेच्या पलीकडे उडी मारावी लागते आणि तो पडतो. गाणं खाली आणलं तर तो पुन्हा कडेवर येऊन उभा राहतो. म्हणजे पट्टी उतरवल्याने गाण्यातला थरार उरतो, आणि पट्टी तशीच ठेवून सूर कसाबसा ओढला तर तो मरतो.

बॉन जोव्ही या अमेरिकी बँडचं १९८६ चं 'लिव्हिन ऑन अ प्रेअर' घ्या. शेवटच्या ध्रुवपदाला ते गाणं एकदम दीड सूर वर चढतं. ओढाताणीत संसार रेटणाऱ्या दोन माणसांची ती गोष्ट आहे, त्यामुळे ती उसळी केवळ शोभेची नाही, तिथेच गाण्याची उमेद आहे. आता सगळं गाणं दोन सूर खाली आणलं, तरी शेवटची उसळी दीड सुराचीच राहते. चढ तोच, डोंगराचा पायथा तेवढा खाली आला. बँडचा गायक जॉन बॉन जोव्हीच्या दोन स्वरतंतूंपैकी एक क्षीण होत चालला होता. २०२२ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो तंतू मध्यभागी सरकवण्यासाठी आत गोअर-टेक्स या कृत्रिम पदार्थाचा तुकडा बसवावा लागला. त्यानंतर पुन्हा गायला शिकण्याचे त्याचे कष्ट त्याने लोकांसमोर लपवले नाहीत. त्याबद्दल मला त्याच्याविषयी जो आदर वाटतो, तो १९८६ च्या त्या उंच सुराबद्दल कधी वाटला नव्हता.

आवाज संगीताला कसा वळण लावतो, याचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. कॅनडाचा रश हा बँड १९७८ मध्ये 'हेमिस्फिअर्स' करत होता. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत त्यांनी सगळी गुंतागुंतीची वाद्यरचना ध्वनिमुद्रित केली आणि मग बँडचा गायक गेडी ली गायला उभा राहिला. तेव्हा ध्यानात आलं की सगळं भलत्याच वरच्या पट्टीत बांधलं गेलंय. मुळात ज्याचा आवाज इतका उंच की लोक त्यावरूनच बँडची टिंगल करायचे, त्यालाही ते पेलेना. लंडनला जाऊन त्याने कसंबसं ते गायन पुरं केलं. आवाजाचा विचार न करता गाणं रचलं, तर त्याचा भार गळ्यावर पडतो हे तिथे कळलं. पुढच्या 'परमनंट वेव्हज'पासून (१९८०) बँडची गाणी आटोपशीर होत गेली आणि गेडी ली हळूहळू खाली उतरून गाऊ लागला. बँड बदलण्याची इतरही कारणं असतील, पण माझ्या कानांना ती नंतरची गाणी जास्त मोकळी, जास्त माणसाळलेली वाटतात. त्या गाण्यांत शब्द कळतात.

ब्रिटिश गायक एल्टन जॉनची गोष्ट तर थेट शस्त्रक्रियेची आहे. जानेवारी १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याआधीचा एल्टन म्हणजे 'गुडबाय यलो ब्रिक रोड'मधला (१९७३), ध्रुवपदात फॉल्सेटोत, म्हणजे पातळ, चढ्या खोट्या आवाजात, तरंगत जाणारा. शस्त्रक्रियेनंतर ते तरंगणं संपलं आणि आवाज जाड, भारदस्त झाला. चाहत्यांपैकी पुष्कळांनी तेव्हाच त्याला निकालात काढलं असेल. पण ब्रिटनमध्ये त्याचं एकट्याच्या नावावरचं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं कोणतं? 'सॅक्रिफाइस'. १९८९ मध्ये आलेलं आणि १९९० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं, या नव्या, जड आवाजातलं. तुटत चाललेल्या संसाराचं ते गाणं फॉल्सेटोत उडून चाललंच नसतं. ते जमिनीवर पाय ठेवूनच गायला हवं होतं, आणि तोवर त्याचा आवाज जमिनीवर आला होता.

प्लँटकडे पुन्हा येतो, कारण त्याच्या बाबतीत हा प्रश्न काही आठवड्यांतच दोन्ही बाजूंनी समोर आला होता. १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात लेड झेपेलिनचे उरलेले तिघे आणि दिवंगत ड्रमर जॉन बोनमचा मुलगा जेसन एकत्र आले. त्या एका कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी जगभरातून दोन कोटी अर्ज आल्याचं तेव्हा सांगितलं जात होतं. प्लँट ५९ वर्षांचा होता. बरीच गाणी त्यांनी मूळ पट्टीपेक्षा खाली वाजवली आणि कार्यक्रम सुरेख झाला. ध्वनिमुद्रण ऐकताना जाणवतं की प्लँट कुठेही जुन्या किंकाळीच्या मागे धावत नाही. तो शब्द मागे-पुढे करतो, सूर आधीच मिटवतो, ज्या जागी पूर्वी ओरडायचा तिथे आता रोखून धरतो. वाद्यंही त्याला वाट करून देतात.

पण त्याआधी दोन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरमध्ये, त्याची आणखी एक रेकॉर्ड आली होती. ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताची गायिका ॲलिसन क्राउसबरोबरची 'रेझिंग सँड'. सगळी गाणी हळू आवाजातली, दोघं एकाच श्वासात गातायत अशी. चाळीस वर्षं एकट्याने मंच गाजवलेल्या माणसाला इथे दुसऱ्याच्या आवाजाच्या शेजारी आपला आवाज ठेवायला शिकावं लागलं. आपला सूर तिच्या सुराला लागून, पण तिच्यावर न चढता. डिसेंबरनंतर अख्ख्या जगाला झेपेलिनचा दौरा हवा होता आणि त्यात पैसा किती होता याची कल्पनाच केलेली बरी. प्लँटने नकार दिला आणि तो क्राउसबरोबर दौऱ्यावर गेला. २००९ मध्ये 'रेझिंग सँड'ला त्या वर्षीच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पारितोषिकं बाजूला ठेवली तरी ही निवड मला मोठी वाटते. आपल्या आजच्या गळ्यात काय आहे, हे त्याने बाकी सगळ्यांच्या आधी ऐकलं.

याच्या उलट बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं. "मी वर्षभर पैसे साठवून तिकीट काढलं, मला ते गाणं तसंच ऐकायचंय," असं म्हणणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याचं त्या गाण्यावर प्रेम आहे. पण 'तसंच' या शब्दाने मंचावर काय होतं, तेही त्याने पाहावं. गायकाला ते जमत नसलं की आधीच ध्वनिमुद्रित केलेला आवाज मागून सोडला जातो. कधी नुसता आधाराला, कधी जवळजवळ सगळाच. समोर माणूस ओठ हलवतोय आणि ऐकू येतोय तो त्याचाच जुना आवाज. पट्टी खाली आणलेली लोकांना कळते म्हणून टीका होते, फीत सोडलेली कळत नाही म्हणून टाळ्या पडतात. प्रामाणिकपणाची शिक्षा आणि लपवाछपवीचं बक्षीस, असा हा व्यवहार आपणच चालू ठेवलाय. माझं मत स्पष्ट आहे. मुख्य गायकाचा आवाज फितीवरून येणार असेल तर ते तिकीट विकतानाच सांगायला हवं. न सांगणं ही फसवणूक आहे, मग मंचावरचं नाव कितीही मोठं असो.

आणि ज्या मैफलींना आपण डोक्यावर घेतो, त्यांत तरी सगळं रेकॉर्डबरहुकूम कुठे होतं? क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी ऐन भरात असतानाही मंचावर कितीतरी वरच्या जागी चाल खाली वळवायचा आणि ड्रमवर बसलेला रॉजर टेलर वरचे सूर उचलायचा. स्टुडिओतला फ्रेडी आणि मंचावरचा फ्रेडी हे दोन वेगळे गायक होते. त्याने ते गळा राखण्यासाठी केलं, आणि १९९१ च्या 'इन्युएन्डो'मध्ये, शरीर पोखरलेलं असताना, 'द शो मस्ट गो ऑन'सारखं गाणं गाण्याइतका आवाज त्याच्यापाशी शिल्लक होता.

गळ्यावर अन्याय करणं किती महागात पडतं हे गायकांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. सूज आलेल्या गळ्याला स्टिरॉइडची सुई देऊन त्या रात्रीपुरतं उभं करता येतं, पण दुखापत तिथेच असते आणि तशात जोर केला तर रक्तवाहिनी फुटून कायमचा व्रण राहू शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये एरोस्मिथ या अमेरिकी बँडच्या निरोपाच्या दौऱ्यातला जेमतेम तिसरा कार्यक्रम चालू असताना त्याचा ७५ वर्षांचा गायक स्टीव्हन टायलर याच्या गळ्याला इजा झाली. स्वरयंत्राला फ्रॅक्चर झाल्याचं पुढे निष्पन्न झालं. वर्षभर वाट पाहून ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने दौरे कायमचे थांबवले. त्याने स्वतःच्या हौसेनेच ते सूर लावले असतील, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आज विशीत असलेली जी मुलं-मुली या गायकांकडे बघून किंचाळायला शिकतायत, त्यांना आपण काय दाखवतोय याचा विचार व्हायला हवा. सत्तरीतही पट्टी उतरवायची नसते, हेच जर त्यांनी पाहिलं, तर पंचविशीत गळा दुखू लागला तरी ती थांबणार नाहीत.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध राहिलं पाहिजे. आवाज थकला की त्यात आपोआप खोली येते, हे खरं नाही. अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅशने २००२ मध्ये नाइन इंच नेल्स या रॉक बँडचं 'हर्ट' गायलं आणि त्याच्या थरथरत्या आवाजाने सगळे हलले. तेव्हापासून म्हाताऱ्या गायकाला एका गिटारसमोर बसवून हळू गायला लावणं हा जणू ठरलेला साचाच झाला. त्यातलं पुष्कळसं मला कंटाळवाणं वाटतं. कॅशचं गाणं उभं राहिलं ते थरथरीमुळे नव्हे. कुठला शब्द दाबायचा आणि कुठला नुसता टेकवून पुढे जायचं, हे त्याने जवळपास पन्नास वर्षं गाऊन कमावलं होतं. कॅनडाची गायिका जोनी मिचेलने १९६९ मध्ये गायलेलं 'बोथ साइड्स नाऊ' २००० मध्ये बरंच खाली आणून वाद्यवृंदाबरोबर पुन्हा गायलं, तिथेही तेच. थकवा सगळ्यांनाच येतो, हे कमावणं थोड्यांनाच जमतं.

या सगळ्या विषयात माझ्या मनात ठाण मांडून बसलेलं नाव ब्रिटिश गायिका मरिअन फेथफुलचं आहे. 'ॲज टिअर्स गो बाय' हे गाणं तिने १९६४ मध्ये पहिल्यांदा गायलं तेव्हा ती १७ वर्षांची होती. संध्याकाळी बसून मुलांचा खेळ बघणाऱ्या, आयुष्य मागे पडलेल्या बाईचं गाणं, आणि गातेय कोवळी, काचेसारख्या स्वच्छ आवाजाची मुलगी. गोड आहे, पण त्या गोडव्यापलीकडे काही नाही. शब्द तिला अजून लागूच झालेले नव्हते. पुढच्या पंधरा वर्षांत व्यसनं, रस्त्यावरचे दिवस, सिगारेटी, गळ्याचे आजार या सगळ्याने तो आवाज पार मोडला. १९७९ च्या 'ब्रोकन इंग्लिश'मध्ये जी गायिका समोर आली तिचा आवाज खरखरीत, तडकलेला होता. तो संताप जुन्या आवाजात मावला नसता.

१९८७ मध्ये तिने तेच पहिलं गाणं पुन्हा गायलं. तेव्हा तिने चाळिशी गाठली होती. लय संथ केलेली, पट्टी खाली. २०१८ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तिसऱ्यांदा. ही तीन गाणी मी एका रात्री हेडफोन लावून पाठोपाठ ऐकली. पहिल्यात ती मुलांच्या खेळाबद्दल सांगते. दुसऱ्यात त्या खेळाकडे बघवत नाही अशा घशाने गाते. तिसऱ्यात सूर जवळजवळ बोलण्यावर येऊन टेकलेला आहे, श्वास मध्येच घ्यावा लागतो, आणि तो घेतलेला ऐकू येतो. त्या थांबण्यात ती खरोखरच मुलांकडे बघत बसली आहे असं वाटतं. शब्द तेच, चाल तीच. १७ व्या वर्षीची पट्टी धरून बसली असती तर हे गाणं तिला कधीच सापडलं नसतं.

२०२० च्या एप्रिलमध्ये ती कोविडने रुग्णालयात होती. तिथून बाहेर आली ती फुप्फुसं अधू झालेल्या अवस्थेत. गाणं थांबलं. आजारापूर्वी सुरू केलेलं एक काम तिने तशातच पुरं केलं आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वॉरेन एलिसच्या संगीतावर बायरन, कीट्स, शेली यांच्या कविता. त्यात ती एकही सूर गात नाही, नुसती वाचते. ओळ अर्ध्यावर आली की दम घेते, मग उरलेली ओळ सावकाश ठेवते. शब्दाचा शेवट नीट मिटवून मगच पुढचा उचलायचा ही तिची लकब १९६४ च्या त्या मुलीतही होती. तेव्हा मला ती ऐकू आली नव्हती, कारण आवाज फार सुंदर होता.